वाळवंटांतील ऊन आणि छायाचित्राची साक्ष

शिलालेखाचा ठसा, ताम्रपटाची नक्कल आणि पोथीची प्रत या साधनांची परीक्षा कशी करावी याचे नियम आपल्या संशोधकांनीं पुष्कळ वादानंतर ठरविलेले आहेत. ठसा कोणी व कशा कागदावर घेतला, नक्कलकारास लिपि कितपत अवगत होती, प्रत कोणत्या परंपरेंतील आहे, हें विचारल्यावांचून आपण साधन ग्राह्य मानीत नाहीं. छायाचित्र पुढें आलें म्हणजे मात्र ही सावधगिरी गळून पडते. यंत्रास पक्षपात नाहीं, सूर्य खोटें लिहीत नाहीं, असें म्हणून फोटो निमूटपणें प्रमाण धरला जातो. या समजुतींत दोन विधानें एकत्र मिसळलेलीं आहेत. चित्रांत जें दिसतें तें त्या वेळीं तेथें होतें, हें पहिलें. चित्रांत जें दिसत नाहीं तें तेथें नव्हतें, हें दुसरें. पहिलें विधान बहुशः खरें असतें. दुसरें विधान पुष्कळदां खोटें ठरतें, आणि तें कां खोटें ठरतें याचें मुख्य कारण छायाचित्रकारानें कांचेवर अथवा फिल्मवर किती प्रकाश पडूं दिला या एका गोष्टींत आहे. छायाचित्रकार ज्यास एक्स्पोजर म्हणतात त्यास या लेखांत प्रकाशमात्रा असा शब्द योजिला आहे.

हा विचार येथें इजिप्तच्या वाळवंटाच्या आधारें केला आहे. त्याचीं कारणें तीन. कोरीव लेखांच्या नोंदीसाठीं छायाचित्राचा उपयोग मोठ्या प्रमाणावर प्रथम त्याच देशांत झाला. ऊन आणि सावली यांतील अंतर तेथें इतकें तीव्र असतें कीं मात्रेंतील चूक लपून राहत नाहीं. आणि तेथील कित्येक मूळ वास्तू आज जागेवर नाहींत, कांहीं पाण्याखालीं गेल्या आहेत. त्यामुळें छायाचित्राची साक्ष खरी कीं अपुरी हा प्रश्न तेथें केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं.

१. पूर्वपक्ष

सर्वसाधारण समजूत अशी कीं, वाळवंटांतील ऊन अतिशय प्रखर, म्हणून तेथें प्रकाशमात्रा अतिशय अल्प द्यावी. या समजुतीस व्यवहारांतील एका नियमाचा आधार दिला जातो. स्वच्छ उन्हांत भिंगाचें छिद्र एफ १६ वर ठेवावें, आणि फिल्मचा संवेदनांक १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकें, ४०० असेल तर चारशेव्या भागाइतकें उघडावें, असा तो नियम आहे. पांढऱ्या वाळूवर अथवा बर्फावर छिद्र आणखी लहान करून एफ २२ वर न्यावें, म्हणजे मात्रा निम्मी करावी, अशी पुस्ती त्यास जोडलेली असते.

नियम खोटा नाहीं. त्यावरून काढलेलें अनुमान सदोष आहे. आकाश निरभ्र असून सूर्य बराच वर आला असतां भूमीवर पडणारा उजेड थेब्सला व पुण्याला फारसा भिन्न नसतो. सूर्य जितका उजेड पाठवितो त्याहून अधिक कोणत्याहि देशास मिळत नाहीं, आणि कोरड्या निर्मळ हवेमुळें पडणारा फरक थोडा असतो. मग वाळवंटांत निराळें काय असतें? एक म्हणजे जमीन. कोरडी फिकट वाळू आपल्यावर पडलेल्या उजेडाचा सुमारें एकतृतीयांशाहून अधिक भाग परत फेंकते. हिरवें शेत किंवा काळी माती त्या मानानें फारच थोडा परत देते. दुसरें म्हणजे सावली. ढग नाहींत, हवेंत बाष्प थोडें, आकाश गडद निळें. त्यामुळें सावलींत शिरणारा उजेड थोडा, व जो शिरतो तो निळसर. उघड्यावरील सावली उन्हाच्या सुमारें आठव्या हिश्श्याइतकी उजळ असते. देवळाच्या दाराआंत चार पावलें गेलें कीं हा हिस्सा शंभरावा, आणि आणखी आंत त्याहूनहि कमी होतो. तिसरें म्हणजे आपला डोळा. तो उन्हांत मिटूं पाहतो व सावलींत विस्फारतो, आणि दोन्ही ठिकाणीं आपणांस बरेंचसें नीट दिसतें. फिल्मला ही सोय नाहीं. तिला एकाच क्षणीं एकाच मात्रेंत दोन्हीं टिपावयाचीं असतात.

आतां प्रकाशमापक यंत्राचा विचार करूं. हें यंत्र ज्या पदार्थाकडे रोखावें तो मध्यम करडा, म्हणजे पडलेल्या उजेडाचा सुमारें १८ टक्के भाग परत देणारा आहे, असें गृहीत धरून उत्तर देतें. वाळूकडे रोखल्यास तें तिलाहि करडी समजतें, आणि पाहिजे त्याच्या निम्मी मात्रा सांगतें. उन्हाच्या धाकानें छायाचित्रकार ती पुनः निम्मी करतो. अशा रीतीनें चौथाई उजेडांत घेतलेल्या चित्रांत वाळू सुरेख येते. परंतु दाराच्या आंतील भिंत, मूर्तीच्या भुवयांखालचा भाग आणि खोल कोरलेल्या अक्षरांचे तळ काळ्या डागांत बुडून जातात. संशोधकास हवें असतें तें त्या डागांत असतें.

२. पहिली पिढी

डागेर याच्या शोधाची वार्ता १८३९ च्या आरंभीं पॅरिस येथें प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत आरागो या ज्योतिर्विदानें फ्रेंच प्रतिनिधिसभेपुढें या शोधाचें महत्त्व प्रतिपादिलें, तेव्हां त्यानें उदाहरण घेतलें तें इजिप्तचेंच. थेब्स, मेंफिस, कर्नाक येथील देवळांवरील असंख्य चित्रलिपीची नक्कल करावयास चित्रकारांची फौज व कित्येक वर्षें लागतील. या यंत्रानें तें काम एक मनुष्य पार पाडूं शकेल, असा त्याचा आशय होता. म्हणजे छायाचित्रणाच्या जन्मवर्षींच त्याजवर लेखसंग्रहाची कामगिरी सोंपविली गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत व्हेर्ने हा चित्रकार व त्याचा सहकारी गुपिल-फेस्के यांनीं अलेक्झांड्रिया येथें हें यंत्र चालवूनहि दाखविलें.

व्यवस्थित काम पुढें दहा वर्षांनीं झालें. मॅक्झिम द्यु कां हा फ्रेंच सरकारची कामगिरी घेऊन १८४९ च्या अखेरीस इजिप्तांत उतरला. कादंबरीकार फ्लोबेर त्याचा सोबती होता. त्यानें कागदाची निगेटिव्ह वापरली. भर उन्हांतहि तिला सेकंद पुरत नसत, मिनिटें लागत. इमारतीच्या मापाचा अंदाज यावा म्हणून तो हाजी इस्माइल नांवाच्या खलाशास मूर्तींवर व खांबांजवळ उभा करी. तो हलूं नये म्हणून द्यु कां यानें त्यास सांगितलें होतें कीं, पेटींतून बाहेर आलेली पितळी नळी ही तोफ आहे आणि तूं हललास तर ती उडेल. प्रसंग विनोदी आहे, पण त्यांतील पुरावा महत्त्वाचा आहे. इतक्या प्रखर उन्हांतहि मनुष्यास दगडासारखें उभें राहावें लागे, यावरून त्या काळच्या कागदाची भूक किती मोठी होती हें कळतें. द्यु कां याचा १२५ चित्रांचा ग्रंथ १८५२ सालीं प्रसिद्ध झाला. लेखांचे कागदी ठसेहि त्यानें घेतले होते, हें आपल्या वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. केवळ चित्रावर विसंबण्याचें धाडस त्यानेंहि केलें नाहीं.

त्याच्या पाठोपाठ तेनार यानें १८५१-५२ मध्यें, व ग्रीन या तरुणानें १८५३ पासून हेंच क्षेत्र हातीं घेतलें. ग्रीन हा मेणकागदाची निगेटिव्ह वापरी. ती आधीं तयार करून कोरडी नेतां येत असे, म्हणून उष्ण प्रदेशांतील प्रवाशास सोयीची होती. त्यानें १८५५ मध्यें मेदिनेत हाबू येथें उत्खननहि केलें, आणि १८५६ सालीं ऐन चोविशींत तो मरण पावला.

इंग्रज छायाचित्रकार फ्रिथ यानें १८५६ पासून इजिप्तच्या तीन सफरी केल्या. त्यानें ओल्या कलोडियनची कांच वापरली. या पद्धतींत कांचेवर द्रव ओतणें, ती चांदीच्या क्षारांत बुडविणें, चित्र घेणें व तें धुणें हा सर्व विधि कांच ओली आहे तोंच, म्हणजे कांहीं मिनिटांत उरकावा लागतो. वाळवंटांतील कोरड्या हवेंत तेवढीहि सवड मिळत नसे. फ्रिथच्या तंबूंतील उष्णता फॅरनहाइटच्या ११० अंशांवर जाई, आणि ओततांच कलोडियन उकळूं लागे, असें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. अशा वेळीं तो डोंगरांत खोदलेल्या थडग्यांचा आश्रय घेई. यांत सोळा इंच बाय वीस इंच मापाच्याहि कांचा होत्या हें आठवलें म्हणजे त्याच्या चिकाटीचें मोल कळतें. तथापि येथें प्रश्न चिकाटीचा नसून त्या कांचांनीं काय पाहिलें हा आहे.

३. निळा डोळा

१८७३ पूर्वीच्या कागदांना व कांचांना मुख्यत्वें निळा, जांभळा आणि डोळ्यांस न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश तेवढा दिसे. पिवळा व तांबडा त्यांस जवळजवळ अंधारच होता. १८७३ सालीं फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें द्रावणांत रंग मिसळून कांचेस हिरवा प्रकाश दिसूं लागतो हें दाखविलें; सर्व रंग पाहणाऱ्या कांचा बाजारांत सहज मिळूं लागल्या त्या १९०६ च्या सुमारास.

या गोष्टीचा परिणाम दुहेरी झाला. पहिला परिणाम सर्वांस ठाऊक आहे. आकाश निळें, म्हणून तें निगेटिव्हवर गडद उमटे व छापील प्रतींत पांढरें कोरें होई. कागदाच्या निगेटिव्हवर तें डागाळलेलें दिसे, म्हणून कित्येक छायाचित्रकार निगेटिव्हच्या त्या भागावर काळी शाई फांसून आकाश मुद्दाम एकसारखें कोरें करीत. तेव्हां जुन्या चित्रांतील निरभ्र आकाशावरून त्या दिवसाच्या हवामानाचा तर्क करणें व्यर्थ होय.

दुसरा परिणाम मात्र सहसा लक्षांत घेतला जात नाहीं. वाळवंटांतील वाळू व दगड पिवळसर, आणि त्यांवरील ऊनहि तुलनेनें पिवळें. सावलींत मात्र बराचसा प्रकाश निळ्या आकाशाचा. म्हणजे त्या निळ्या डोळ्याच्या कांचेस ऊन जितकें प्रखर दिसावें तितकें दिसत नसे, आणि सावली आपणांस दिसते त्याहून उजळ दिसे. ऊन व सावली यांतील अंतर अशा रीतीनें आपोआप कमी होई. त्यांत दीर्घ मात्रेची भर. म्हणून १८५० च्या सुमाराच्या चांगल्या चित्रांतील सावल्या पारदर्शक असतात. त्यांत दगडांचे सांधे आणि अक्षरांच्या कडा दिसतात.

उलट आजची फिल्म सर्व रंग पाहते, आणि आकाश गडद दिसावें या हौसेनें तिच्यापुढें पिवळी किंवा तांबडी कांच धरली जाते. तांबड्या कांचेसाठीं मात्रा आठपट वाढवावी असा कोष्टकांतील हिशेब आहे. पण तो उन्हांतील पदार्थापुरता खरा. सावलींतील निळा प्रकाश ही कांच त्याहूनहि अधिक अडविते. आकाश नाट्यमय होतें आणि सावली मरते. साधनांची सुधारणा झाली म्हणजे साक्षहि सुधारली असें म्हणतां येत नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

४. मात्रेचें शास्त्र

येथवर सर्व काम अनुभवानें चाललें होतें. त्यास शास्त्राचें रूप दिलें तें इंग्लंडांतील विडनेस येथील क्षारांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या हुर्टर व ड्रिफील्ड या दोघांनीं. त्यांचा निबंध १८९० सालीं प्रसिद्ध झाला. कांचेवर क्रमानें वाढत्या मात्रा देऊन प्रत्येकीनें किती काळेपणा येतो तें त्यांनीं मोजलें, व त्याची वक्ररेषा काढली. या रेषेचे तीन भाग पडतात. आरंभीं रेषा जमिनीस चिकटून असते, मध्यें सरळ चढते, शेवटीं पुनः सपाट होऊं लागते. अर्थ असा कीं, एका किमान मात्रेच्या खालीं फिल्म कांहींच नोंदीत नाहीं. त्या रेषेखालचें अक्षर असणें व नसणें फिल्मला सारखेंच. चित्र कितीहि वेळ धुतलें तरी जें पडलेंच नाहीं तें वर येत नाहीं. अधिक मात्रेचें तसें नाहीं. उजळ भाग दाट झाले तरी त्यांतील भेद बऱ्याच मर्यादेपर्यंत शाबूत राहतात, आणि धुण्याचा काळ कमी करून तो दाटपणा आवरतां येतो.

यांतून छायाचित्रकारांचें जुनें सूत्र सिद्ध होतें: मात्रा सावलीसाठीं द्यावी, धुणें उजेडासाठीं ठरवावें. अमेरिकेंत अॅन्सेल अॅडम्स व फ्रेड आर्चर यांनीं १९४० च्या सुमारास या सूत्रास पायऱ्यांचें निश्चित रूप दिलें. त्याचा व्यवहारांतील उपयोग असा. ज्या काळोख्या भागांतील तपशील वाचतां आलाच पाहिजे तो भाग आधीं निवडावा, आणि प्रकाशमापक फक्त त्याजवर रोखावा. यंत्र त्यास मध्यम करडा करावयास सांगेल. परंतु तो काळसरच दिसला पाहिजे, म्हणून सांगितलेल्या मात्रेच्या चौथाई मात्रा द्यावी. नंतर अतिउजळ भाग मोजावा, व अंतर फार असल्यास धुण्याचा काळ कमी करावा. हें अंतर पाहणें अवश्य आहे, कारण फिल्म सुमारें हजारपट अंतर सामावून घेऊं शकते, तर छापण्याचा कागद सुमारें शंभरपटच. लेख उन्हांतच असेल व मोजावयास करडा पदार्थ जवळ नसेल तर आपला तळहात त्याच उन्हांत धरून मोजावा. तळहात करड्याहून सुमारें दुप्पट उजळ असतो, म्हणून सांगितलेली मात्रा दुप्पट करावी. शंका राहिल्यास मात्रा अधिक द्यावी, उणी देऊं नये. पूर्वपक्षाच्या नेमकें उलट असें हें उत्तर आहे.

याच अॅडम्सचें न्यू मेक्सिकोच्या रुक्ष पठारावरील हर्नांडेझ गांवाचें चंद्रोदयाचें चित्र प्रसिद्ध आहे. सूर्य मावळतीस आलेला, दफनभूमींतील क्रूसांवरचें ऊन क्षणांत जाणार, आणि प्रकाशमापक सांपडेना. चंद्राची उजळता दर चौरस फुटास २५० कँडल असते हें त्यास मुखोद्गत होतें. त्यावरून त्यानें मात्रा ठरविली. चंद्र साधला, परंतु खालचा भाग निगेटिव्हवर इतका विरळ आला कीं १९४८ सालीं त्यास तो भाग रसायनानें दाट करावा लागला. विरळ होता म्हणून दाट करतां आला. कोरा असता तर उपाय नव्हता.

या चित्राच्या कालनिर्णयाची हकीकत तिथिवारांचा मेळ घालणाऱ्या आपल्या वाचकांस रुचेल. अॅडम्स स्वतः सालाबद्दल निश्चित नव्हता. १९४० ते १९४४ पर्यंत निरनिराळीं सालें त्यानें दिलीं होतीं. चंद्राची उंची व दिशा यांवरून गणित करतां प्रथम ३१ ऑक्टोबर १९४१ हा दिवस निघाला. छायाचित्रकार कोठें उभा होता तें अधिक बारकाईनें ठरवून केलेल्या, १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गणितानें १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळीं ४ वाजून ४९ मिनिटें, ही वेळ आली. कर्त्याच्या स्मृतीपेक्षां चित्रांतील चंद्र अधिक विश्वसनीय ठरला. चित्रांत जें टिपलेलें असतें त्याची साक्ष केवढी बळकट असते हें यावरून दिसतें. न टिपलेल्याविषयीं आपण अधिक सावध राहिलें पाहिजे तें याचसाठीं.

५. उजेड आंत नेणें, आणि चित्रावर विश्वास न ठेवणें

मात्रा कितीहि विचारानें दिली तरी कांहीं अंतरें फिल्मच्या आवांक्याबाहेरचीं असतात. तेथें सावलीच उजळ करणें हा एक मार्ग आहे. हॅरी बर्टन यानें हा मार्ग पूर्णत्वास नेला. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या वतीनें तो १९१४ पासून थेब्स येथें काम करीत होता. थडग्याच्या तोंडाशीं आरसा धरून ऊन आंत फेंकावयाचें, आंतील मनुष्यानें तें रुपेरी पत्रा लावलेल्या फळीवर झेलून भिंतीवर सोडावयाचें, आणि चित्र घेतलें जात असतां ती फळी संथपणें हलवीत राहावयाचें, अशी त्याची रीत होती. त्यामुळें भिंतीवर झळाळीचा ठिपका न पडतां सर्वत्र सारखा उजेड मिळे. १९२२ च्या नोव्हेंबरांत कार्टर यास तुतनखामेनचें थडगें सांपडलें, तेव्हां तेथील वस्तूंचीं चित्रें घेण्याचें काम बर्टनकडे आलें. त्या वेळीं विजेचे दिवे उपलब्ध झाले होते, आणि जवळचेंच एक रिकामें थडगें त्याची अंधारखोली झालें. प्रत्येक वस्तु जागेवरून हलविण्यापूर्वी त्यानें कांचेवर टिपली. आज त्या मांडणीचा जो पुरावा आहे त्याचा मोठा भाग म्हणजे त्याच्या निगेटिव्ह होत.

दुसरा मार्ग ब्रेस्टेड या अमेरिकन विद्वानानें दाखविला, आणि तो आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळचा आहे. त्यानें १९०५ ते १९०७ या काळांत शिकागो विद्यापीठातर्फे नूबियांतील लेखांचीं चित्रें घेवविलीं. कोरीव अक्षराची एक कड उजळली कीं दुसरी सावलींत जाते, एका दिशेच्या उन्हांत एक रेघ दिसते व दुसरी लपते, दगडाची भेग अक्षराच्या काण्यासारखी भासते. १९२४ सालीं त्यानें लक्सर येथें लेखसंग्रहाची कायमची शाखा स्थापिली. तिची रीत अशी. मोठ्या निगेटिव्हवरून भिंतीचें चित्र मोठें छापावयाचें. चित्रकारानें तें भिंतीपुढें नेऊन, प्रत्यक्ष पाहून, चित्रावरच पेन्सिलीनें रेषा काढावयाच्या व मग शाईनें पक्क्या करावयाच्या. नंतर रसायनानें छायाचित्र पुसून टाकावयाचें, म्हणजे शाईच्या रेषा तेवढ्या उरतात. त्यांची नक्कल दोन लिपिज्ञांनीं एकामागून एक भिंतीशीं ताडून शुद्धिपत्र तयार करावयाचें, आणि चित्रकारानें तें पुनः भिंतीपुढें तपासावयाचें. या रेखाचित्रांत सूर्य डावीकडे वर आहे असें मानून सावलीकडील रेघ जाड काढितात. खरा सूर्य जेथें अक्षर लपवितो तेथें विद्वानांनीं संकेताचा सूर्य उभा केला. छायाचित्र येथें मापास प्रमाण आहे. वाचनास तें केवळ एक प्रत आहे.

६. योग्यानुपलब्धि

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चित्रांत न दिसणें हें नसण्याचें प्रमाण केव्हां होतें? आपल्या शास्त्रकारांनीं याचें उत्तर छायाचित्राच्या कित्येक शतकें आधीं देऊन ठेविलें आहे. भाट्ट मीमांसक अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानतात, नैयायिक मानीत नाहींत. पण एका अटीविषयीं त्यांच्यांत वाद नाहीं. जमिनीवर घट दिसत नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें ठरत नाहीं. घट असता तर तो दिसलाच असता, अशी सर्व सामग्री तेथें हजर असली पाहिजे. उजेडांत न दिसलेला घट नाहीं असें म्हणतां येतें, अंधारांत न दिसलेल्या घटाविषयीं कांहींच म्हणतां येत नाहीं. यासच योग्यानुपलब्धि म्हणतात. छायाचित्रांत ही योग्यता प्रकाशमात्रेनें येते. निगेटिव्हच्या ज्या भागांत दगडाचा पोत तरी दिसतो, तेथें अक्षर दिसलें नाहीं तर तें नव्हतें असें म्हणण्यास आधार आहे. जो भाग निव्वळ पारदर्शक कांच आहे तेथें मौन पाळलें पाहिजे.

या मौनाची किंमत नूबियांत कळते. आस्वानचें पहिलें धरण १९०२ सालीं झालें, त्याची उंची पुढें दोन वेळां वाढविण्यांत आली, आणि मोठें धरण १९७० सालीं पुरें झालें. फिलीचें देऊळ १९०२ नंतर प्रतिवर्षीं कित्येक महिने पाण्यांत राहूं लागलें व त्यावरील रंग धुऊन गेले. अबू सिंबेल १९६४ ते १९६८ या काळांत उचलून वर नेलें. फिलीचें देऊळ शेजारच्या बेटावर हलवून १९८० सालीं पुनः खुलें झालें. जेरफ हुसेन येथील देवळाचा पुढील कांहीं भाग वांचला, डोंगरांत खोदलेला भाग तलावाखालीं राहिला. तेथें आतां कोणी फिरून जाऊन भिंत ताडून पाहूं शकत नाहीं. अशा ठिकाणच्या जुन्या निगेटिव्हमध्यें सावलीस किती मात्रा मिळाली होती, यावर एखादी ओळ इतिहासांत राहते किंवा जाते.

यावरून छायाचित्राच्या परीक्षेचे कांहीं नियम सुचतात.

पहिला: निगेटिव्ह ही मूळ पोथी व छापील फोटो ही तिची नक्कल होय. फोटोंतील काळा डाग पाहून निर्णय करूं नये. निगेटिव्हमध्यें तेथें पुसटसा तपशील असूं शकतो. आजचीं संगणकीय यंत्रें असा विरळ तपशील वर काढतात. कोऱ्या कांचेंतून मात्र त्यांसहि कांहीं काढतां येत नाहीं.

दुसरा: साधन कोणत्या काळाचें व कोणत्या जातीचें, कागद, ओली कांच कीं सर्व रंग पाहणारी फिल्म, आणि पुढें रंगीत कांच धरली होती काय, हें ठरविल्यावांचून त्यांतील काळ्यापांढऱ्याचा अर्थ लावूं नये.

तिसरा: उन्हाची दिशा व घटका नोंदवावी. तिरप्या उन्हांत उथळ अक्षर उठून दिसतें, माथ्यावरील उन्हांत तें पुसलें जातें. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर तर हिवाळ्यांत ऊन येतच नाहीं, आणि प्रवासाचा हंगाम तोच. तेव्हां एका चित्रावरून पाठ सिद्ध होत नाहीं, निरनिराळ्या घटकांचीं चित्रें ताडावीं लागतात.

चौथा: अभावाचें विधान करतांना तो भाग वाचण्यास योग्य होता हें आधीं सांगावें.

हे नियम इजिप्तपुरते नाहींत. घांटावरील देवळाच्या ओवरींत अर्धवट उन्हांत असलेला शिलालेख, किंवा अंगणांत धरलेला ताम्रपट, यांनाहि तेच लागू पडतात; अंतर कमी असतें एवढेंच. आपल्या संग्राहकांकडे जुन्या छायाचित्रांबरोबर कांचेच्या निगेटिव्हचे खोकेहि येतात. फोटो चौकटींत जातो आणि कांच अडगळींत, हा व्यवहार उलटला पाहिजे. मूळ पोथी रद्दींत घालून नक्कल देव्हाऱ्यांत ठेवणाऱ्यास आपण काय म्हणतों तें सांगावयास नको. ज्यांच्या हातीं असे खोके असतील त्यांनीं ते कोरड्या, थंड जागीं, प्रत्येक कांच स्वतंत्र कागदांत गुंडाळून उभी ठेवावी, आणि तिची यादी पोथ्यांच्या यादीइतक्याच काळजीनें करावी. सावलींतील अक्षर वाचण्याची वेळ पुढें केव्हां येईल हें आपल्या हातीं नाहीं; तें वाचण्याजोगें राहील एवढें पाहणें आपल्या हातीं आहे.